खालच्या आळीसाठी सूचना

हेरबाख, २६ जानेवारी १९५८, रविवार

रेडिओचं पत्र काल आलं आणि आतापर्यंत मी ते सहा वेळा वाचलं. फास्नेटच्या, म्हणजे उपवासाच्या दिवसांआधी येणाऱ्या सोंगांच्या सणाच्या, रविवारी, सोळा फेब्रुवारीला, त्यांचा माणूस ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन येणार. 'आलेमानी बोलीत कविता करणारा नगराध्यक्ष' असा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम करायचा म्हणतात. मी सात कविता काढून ठेवल्या. बुर्गीला वाचून दाखवल्या, तर मोज्याचे टाके मोजता मोजता ती म्हणाली, "डोंगर फार आहेत रे. माणसं कुठं गेली?"

एकवीस वर्षं संसार केल्यावर बायकोला एवढं बोलायचा हक्क असतो. तरी दिवसभर बोचत राहिलं.

२९ जानेवारी, बुधवार

शाळेतल्या पोलबाई कचेरीत आल्या. या बाई सिलेशियाच्या. लढाई संपल्यावर तिकडून हाकलून दिलेली माणसं गाड्या भरभरून इकडे आली, त्यांतली चाळीसेक आमच्या खालच्या आळीत राहतात. ओढ्याकाठची जुनी, ओलसर घरं. गावातलं कोणी तिथं राहायला तयार नव्हतं, म्हणून त्यांना मिळाली.

बाई कोट न काढता उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "नगराध्यक्ष महोदय, फलकावरच्या सूचना आमच्या लोकांना कळत नाहीत. खाली पुस्तकी जर्मनमध्येही चार ओळी लिहिता येतील का?"

हा नियम माझा. निवडून आलो त्याच महिन्यात मी ठराव करून घेतला होता, की हेरबाखच्या सूचना हेरबाखच्या बोलीतच निघतील. मग तो कुत्र्यांवरचा कर असो नाहीतर नळ बंद असल्याची खबर. साऱ्या जिल्ह्यात असं दुसरं गाव नाही. जिल्हा कचेरीनं नाक मुरडलं, मी दाद दिली नाही. आता या बाईंसाठी माघार घ्यायची?

मी म्हणालो, "बाई, आठ वर्षं झाली तुम्हाला इथं येऊन. आठ वर्षांत गाईलासुद्धा नव्या गोठ्यातलं बोलणं कळायला लागतं."

आमचा कारकून ट्रुडपेर्ट खिदळला. बाईंनी फक्त मान हलवली आणि निघून गेल्या. उत्तर चपखल बसलं होतं. वहीत लिहून ठेवलं, एखाद्या कवितेत कामाला येईल.

बुर्गीला सांगितलं तर तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. दर शनिवारी ती विणायला म्हणून कुठल्याशा बायकांत जाऊन बसते, हल्ली बुधवारीही जाते. त्या बायका हसत नसाव्यात.

६ फेब्रुवारी, गुरुवार

तळ्याचा राखणदार ओटमार आज खाली आला. सत्तरीचा माणूस, महिन्यातून एकदा गावात दिसतो. लाकडाच्या गिरणीसाठी बांधलेलं ते तळं आता नगरपालिकेचं आहे. गिरणी कधीच बंद पडली. तळं आहे, मातीचा बांध आहे आणि ओटमार आहे.

"फ्रिडली, बांधाच्या पायथ्याला पाझर फुटलाय," तो म्हणाला. "दोन हातांएवढा. सांडवा बर्फानं गच्च झालाय आणि खालचा दरवाजा गोठून बसलाय."

"दरवर्षी पाझरतो ना?"

"पाझरतो. पण पाच आठवडे बर्फ पडतंय. थंडी आहे तोवर ठीक. दक्षिणेचा गरम वारा सुटला, तर हे सगळं पाणी एकदम वरनं येईल, आणि जायला वाट नाही."

मी म्हटलं, फास्नेट होऊ दे, मग बघू.  गेल्या शरदातही तो हेच सांगायला आला होता आणि तेव्हा मी वसंतात बघू म्हणालो होतो. बांधाची दुरुस्ती पुढं ढकलल्याच्या ठरावावर माझीच सही आहे. हे इथं लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठंच लिहिणार नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

फास्नेटच्या पत्रकाचा मजकूर छापायला दिला. दरवर्षी त्यात माझी एक खोटी आपत्ती असते. गेल्या वर्षी चर्चचा मनोरा कलला होता आणि दुर्बिणी घेऊन लोक जमले होते. पण दोन वर्षांपूर्वीची आपत्ती अजून कोणी विसरलेलं नाही. तेव्हा मी भल्या पहाटे गावभर कागद चिकटवले होते:

तळं निघालं फिरायला, खालच्या आळीत शिरायला,
गाद्या उचला, पोरं उचला, चला टेकडी चढायला!

खालच्या आळीतल्या माइनराड भटाऱ्यानं ते खरं मानलं. बिचारा पिठाची बत्तीस पोती पाठीवरून चर्चच्या टेकडीवर न्यायला लागला. अठ्ठाविसाव्या पोत्याला कोणीतरी त्याला आज फास्नेट असल्याची आठवण दिली. तेव्हापासून सारं गाव त्याला 'पोतंवाला' म्हणतं आणि दर फास्नेटला एखादं सोंग पाठीवर पोतं घेऊन त्याच्या मागे मागे फिरतं. तोही हसतो. म्हणजे मला तरी हसताना दिसतो.

यंदा नवी आपत्ती: जिल्हाधिकारी आमची बोली शिकले आणि तोंडाला सूज येऊन दवाखान्यात पडले. ट्रुडपेर्ट हसून हसून टेबलावर आडवा झाला.

१३ फेब्रुवारी, चरबीचा गुरुवार, फास्नेटचा पहिला दिवस

मला पदच्युत करण्यात आलं. अकरा वाजून अकरा मिनिटांनी आगीचा भोंगा वाजला, शंभरेक सोंगं लाकडी मुखवटे चढवून, घुंगरं वाजवत कचेरीत घुसली. लांडोलिन खाटिकानं मला खुर्चीसकट उचलून चौकात आणलं. तो फास्नेट मंडळाचा मुखिया आणि आगीच्या बंबावरचा नायकही. माझ्या गळ्यातली साखळी काढून त्यानं घातली, कचेरीची किल्ली कमरेला लावली. उपवास सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपर्यंत राज्य सोंगांचं. रिवाजाप्रमाणे मी पद्यात शरणागती दिली:

किल्ली घ्या अन् खुर्ची घ्या, घ्या ही फायलींची रास,
सहा दिवस मज नाही आता कुणाच्या सहीचा त्रास!

चौक दुमदुमला. तुपकट, तळलेले गोड गोळे खाऊन बोटं चिकट झाली होती, त्या हातांनी लोक माझी पाठ थोपटत होते. या गावात माझ्या तोंडून शब्द निघायचा अवकाश, लोक हसायला तयार असतात. कोणत्या कवीला एवढं भाग्य लाभतं?

चारच्या सुमाराला अंगात कोट नकोसा झाला. छपरांवरनं पाणी ठिबकतंय. वारा दक्षिणेचा आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळपासून पाऊस, तोही कोमट. दहा वाजता तळ्यावर गेलो. रस्त्यावरचा बर्फ गुडघ्यापर्यंत लगदा झालाय.

ओटमारनं मला बांधाच्या पायथ्याशी नेलं. पाझराचं पाणी ओंजळीत घेऊन दाखवलं. "कालपर्यंत स्वच्छ होतं. आता बघ."

गढूळ होतं, पिवळसर.

"म्हणजे काय?"

"म्हणजे पाणी बांधाची माती आतून घेऊन चाललंय. स्वच्छ पाझराला मी भीत नाही. ह्याला भितो."

"किती दिवस?"

"दिवस?" तो म्हणाला आणि ओंजळीतलं पाणी बर्फावर सोडून दिलं.

 खरं लिहायचं तर त्याच वेळी मनात आलं, रेडिओचा माणूस परवा येतोय. परवापर्यंत टिकायला हरकत नाही. असा विचार करणाऱ्या माणसाला काय म्हणावं हे मला आत्ता सुचत नाही.

खाली येऊन जिल्हा कचेरीला फोन लावला. अभियंता सोमवारी येईल म्हणाले. मग लांडोलिनला गाठलं. दुकानात तो रक्ताचं सॉसेज भरत होता, गळ्यात माझी साखळी.

"बंबावरची माणसं दे. सांडव्यातला बर्फ फोडायचाय, दरवाजा उघडायचाय."

"कोण हुकूम देतंय?" तो डोळे मिचकावत म्हणाला. "पदच्युत राजा?"

"लांडोलिन, मस्करी नाही."

"अरे वा! दोन वर्षांनी पुन्हा तळं? फ्रिडली, तुझं कोठार रिकामं झालं म्हणायचं. माइनराडला तरी दया दाखव की."

दुकानातल्या बायका हसल्या. मी चिडून दार आपटलं, तर आतून टाळ्या पडल्या. राग चांगला वठवलाय, असं वाटलं असणार.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ओटमार आणि मी, दोघंच, पहाटेपासून सांडव्यात कुदळी मारत होतो. हातभर वाट झाली, पुन्हा वरनं बर्फाचे तुकडे येऊन ती बुजली. दरवाजा हलला नाही.

दुपारी सूचना लिहिली. यमक नाही, विनोद नाही, साधं गद्य. तळ्याचा बांध धोक्यात आहे, खालच्या आळीनं आजच चर्चच्या टेकडीवर जावं. अर्थातच आमच्या बोलीत. दुसऱ्या भाषेत लिहायचं डोक्यातसुद्धा आलं नाही. ट्रुडपेर्टला वीस प्रती काढायला सांगितल्या. त्यानं वाचलं आणि हिरमुसला.

"साहेब, यमक नाही? अशानं मजा येत नाही."

"मजेसाठी नाहीये ते! खरं आहे."

"हो हो," तो म्हणाला आणि एक डोळा मिटला.

तासाभरानं चौकातल्या प्रतीवर कोणीतरी मासा काढला होता. एकीवर लिहिलं होतं, 'पोतंवाल्यानं तालमीला हजर राहावं.' माइनराडच्या दुकानापुढून गेलो तेव्हा तो दारातच होता, पिठानं पांढरा.

"वाचलंस?" मी विचारलं.

"वाचलं." तो हसला नाही. "फ्रिडली, दोन वर्षं पोरं माझ्या मागे पोतं घेऊन फिरतात. माझी मुलगी परगावी लग्न करून गेली, तिथं तिच्या सासऱ्यानं पहिल्याच दिवशी तिला तीच गोष्ट सांगितली. पुरे की आता. दुसरा कोणी बघ."

मी त्याला काय सांगणार होतो? खरं सांगत होतो, तेच तर सांगत होतो.

घरी बुर्गी डोक्याला रुमाल बांधून दारात उभी. "एक सांग. हे फास्नेटचं आहे की खरं आहे?"

इतका राग आला! माझ्या बायकोनंही विचारावं? "तुला काय वाटतं?" मी ओरडलो.

"मला काय वाटतं ते नको. हो की नाही, सांग."

"ओटमार म्हणतो खरं आहे. मला काय कळतं बांधातलं! कदाचित सोमवारपर्यंत टिकेल. उद्या रेडिओचा माणूस येतोय, सगळं गाव चौकात असेल, उद्या मी नीट समजावून सांगेन."

तिनं छत्री आणि विणकामाची पिशवी उचलली आणि ती बाहेर पडली. शनिवार ना, विणकाम चुकायचं नाही. परतली तेव्हा बुटांना घोट्यापर्यंत चिखल होता आणि विणकामाची पिशवी नेताना होती तशीच, गाठसुद्धा न सुटलेली. तेवढं मला त्या गडबडीतही दिसलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कालचं आज लिहितोय. क्रमानं लिहितो.

दोनला मिरवणूक सुरू झाली. पाऊस थांबला होता. रेडिओचा माणूस, जाड चष्म्याचा, चांगला गृहस्थ, कचेरीच्या पायऱ्यांवर यंत्र मांडून बसला होता. चौकात हजारभर माणसं. चेटकिणी झाडूंवर स्वार, पेंढ्याची अस्वलं, आणि पाठीवर पोतं घेतलेलं एक सोंग, हे आलंच.

तीनच्या सुमाराला ओटमार आला. डोक्यावर टोपी नाही, छातीपर्यंत चिखल. लोकांनी त्याला वाट करून दिली, टाळ्या वाजवल्या. तळ्याच्या राखणदाराचं सोंग फक्कड जमलंय म्हणाले. तो माझ्या कानाशी आला.

"कडेची माती खचली. मी बोट घालून बघितलं, आत पोकळ आहे. तास, फार तर दीड तास."

मी पायऱ्या चढायला लागलो. दोन चेटकिणींनी झाडू आडवे धरले: "राजाला सिंहासन परत हवंय!" मी एकीला ढकलून दिलं. चौक खूश. वर पोचलो, हात वर केला, आणि माझ्या बोलीत, ज्या बोलीत आजवर या चौकातलं प्रत्येक लग्न, प्रत्येक सण मी साजरा केला, त्या बोलीत ओरडलो, "बायांनो, बाबांनो, तळं फुटतंय! खालची आळी रिकामी करा!"

हशा. असा हशा मला आयुष्यात मिळाला नव्हता.

"पोतंवाल्या, ऊठ!" कोणीतरी ओरडलं.

"मी शपथ घेतो! माझ्या आईची शपथ!"

आणखी मोठा हशा. जितकं कळवळून बोलावं तितके लोक पोट धरून हसत होते. लांडोलिन मुखवट्याआडून ओरडला, "फ्रिडली, यंदा तू स्वतःलाच मागं टाकलंस!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर पुढच्या रांगेतल्या बायकांनी एकमेकींना कोपरानं डिवचून दाखवलं.

मग मला पोलबाई दिसल्या. चौकाच्या कडेला, कारंज्यामागे, शाळेतल्या चारसहा मुलांना घेऊन उभ्या होत्या. एवढ्या गर्दीत त्या हसत नव्हत्या. पुढे वाकून, कपाळाला आठ्या घालून, ऐकायचा प्रयत्न करत होत्या.

त्यांना काही कळतच नव्हतं. वीस प्रती लावल्या होत्या मी, त्यांतल्या सहा त्यांच्याच आळीत.

पुस्तकी जर्मन मी शाळेत शिकलो, फौजेत ऐकली, जिल्हा कचेरीच्या पत्रांत वाचली. या चौकात ती कधी बोललो नव्हतो. तोंडात दगड धरल्यासारखं झालं. तरी बोललो:

"नागरिकहो. मी या नगराचा अध्यक्ष या नात्याने बोलत आहे. तलावाचा बांध एका तासाच्या आत फुटण्याची शक्यता आहे. खालच्या आळीतील सर्व रहिवाशांनी तत्काळ घरे सोडून चर्चच्या टेकडीवर जावे. ही थट्टा नाही."

चौकाला वाटलं, मी जिल्हाधिकाऱ्यांची नक्कल करतोय. पत्रकात वाचलंच होतं त्यांनी. लोक अक्षरशः एकमेकांच्या अंगावर पडून हसले.

पण पोलबाईंनी मुलांचे हात धरले आणि पळत सुटल्या.

त्यानंतरची दहा मिनिटं मी पायऱ्यांवर उभा होतो आणि तेच तेच बोलत होतो, शब्द न बदलता. मग खालच्या आळीच्या तोंडाशी हशा थांबला. आधी तिथं, मग हळूहळू चौकभर. ती माणसं वर येत होती. म्हाताऱ्या हातगाडीवर, पोरं कडेवर, प्रत्येकाच्या पाठीला बांधलेलं गाठोडं. आरडाओरडा नाही, रडणं नाही. चेटकिणी आणि अस्वलांच्या मधून, कोणाकडे न बघता, ती टेकडीच्या वाटेला लागली. दहा मिनिटांत चाळीस माणसं! घर सोडायची सवय झालेली माणसं, एवढंच मला त्यावर सुचतं. एका हातगाडीवर आमच्या घरच्यासारखीच निळ्या चौकटींची रजई होती. तशा बाजारात ढिगानं मिळतात.

लांडोलिननं मुखवटा काढला. घामानं निथळत होता. त्यानं त्या रांगेकडे बघितलं, मग माझ्याकडे. "फ्रिडली," तो हळूच म्हणाला, "देवाशपथ?"

"किती वेळा सांगू?"

तिथून पुढं तो फास्नेटचा मुखिया नव्हता, बंबाचा नायक होता. घुंगरांच्या वेषातच त्याची माणसं आळीत धावली, दारं ठोठावली, म्हातारा त्सिमरमान खुर्चीसकट उचलून आणला. मीही धावलो. सरळ माइनराडकडे.

भट्टी पेटलेली होती. संध्याकाळच्या नाचासाठी तो गोड गोळे तळत होता. त्याची बायको क्रेसेंझ कोट घालून दारात.

"माइनराड, चल."

"ही जाते म्हणते, जाऊ दे. तमाशा बघून येईल."

"नागरिक..." माझ्या तोंडून तीच भाषा निघाली. घाबरून तीच निघाली.

तो मान मागे टाकून हसला, दोन वर्षांत पहिल्यांदा मनापासून. "माझ्याशीपण साहेबी भाषेत? वा रे वा!"

मग मी आमच्या बोलीत विनवलं. पाया पडलो म्हटलं तरी चालेल, पिठावर गुडघे टेकले मी. तो गंभीर झाला. "ऊठ. ऊठ, फ्रिडली. सगळी आळी गेली असेल तर जाऊ दे. मी गेलो तर उद्या काय होईल ते तुला माहीत आहे. तू पोतं घेऊन माझ्या मागे चालणार नाहीस, पण पोरं चालतील. मी माझं दुकान सोडत नाही."

क्रेसेंझ रडत त्याची बाही ओढत होती. लांडोलिननं तिला उचललं, दुसऱ्या हातानं माझी कॉलर धरली. वरच्या अंगानं आवाज येत होता, झाडं मोडल्याचा. आम्ही टेकडीच्या पायऱ्यांपर्यंत पोचलो तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

पाणी आळीच्या वरच्या टोकाला आलं आणि खालच्या टोकानं घरं घेऊन गेलं. अकरा घरं. हजार माणसं टेकडीवर उभी होती आणि कोणाच्याही अंगावरचं एक घुंगरू वाजत नव्हतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

माइनराड सापडला. जुन्या गिरणीपाशी, दुपारी. बाकी सगळे मोजले, सुखरूप आहेत. जिल्हा कचेरीचा अभियंता मला म्हणाला, एकच बळी, हा चमत्कारच. मी त्याला कचेरीतून बाहेर काढलं.

सिलेशियाची माणसं शाळेत आहेत. सकाळी पाव घेऊन गेलो. पोलबाईंनी पाव घेतला. म्हणाल्या, "आभारी आहे. आठ वर्षांत आपण परवा पहिल्यांदा आमच्याशी बोललात." रागानं नाही म्हणाल्या. रागानं म्हणाल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं. बुर्गी तिथंच होती, बाया बापड्यांना नावानं हाका मारत होती. इतक्या लवकर तिला सगळ्यांची नावं कशी पाठ झाली, कोण जाणे.

रेडिओच्या माणसाचा फोन आला. ध्वनिफीत उत्तम उतरली म्हणाला. माझं बोलणं जरा दूरचं ऐकू येतं, पण हशा अगदी स्वच्छ आलाय. कवितांचं पुढं बघू म्हणाला. मी म्हटलं, नको.

राजीनामा लिहिला आहे. उद्या किल्ली परत मिळाल्याशिवाय तो देताही येत नाही. हीसुद्धा आमचीच रीत.

१९ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

लांडोलिननं किल्ली आणि साखळी आणून टेबलावर ठेवली. पद्य म्हणायचा रिवाज आहे. दोघांनीही म्हटलं नाही.

अकराच्या सुमाराला क्रेसेंझ आली. कपाळावर चर्चमधल्या राखेचं बोट.  ती मला बोल लावायला आली असेल असं वाटलं, लावावा असंही वाटलं. ट्रुडपेर्टनं तिला खुर्ची दिली. ती बसली.

"मातीची वेळ उद्या नऊची ठरलीये," ती म्हणाली. "फलकावर लावायला हवं. तूच लिही. त्याचं पूर्ण नाव लिही, माइनराड योसेफ. आणि भटारी लिही."

"लिहितो."

मी कागद ओढला, टाक शाईत बुडवला. आमच्या बोलीत मरणासाठी एक फार मऊ शब्द आहे, आई लेकराला निजवताना वापरते तोच. तोच लिहायचं ठरवलं. पहिलं अक्षर उमटलं असेल नसेल, तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"आपल्या बोलीत नको, फ्रिडली," ती म्हणाली. "लोकांना वाटेल, तू त्याची पुन्हा गंमत केलीस."

मी दुसरा कागद घेतला. पुस्तकी जर्मनमध्ये लिहिलं, तीन ओळी, एकही शब्द जास्त नाही. ट्रुडपेर्टनं चौकात नेऊन चिकटवला. खिडकीतून दिसत होतं. माणसं येत होती, वाचत होती, टोपी काढून थोडा वेळ उभी राहत होती. सगळ्यांना खरं वाटलं.